सामान मिळतं का?

निफाड तालुक्यात नवा ट्रॅक्टर घ्यायचा ठरला की शोरूमची पायरी चढण्याआधी एक चौकशी होते. गावात तसा ट्रॅक्टर ज्याच्याकडे आहे त्याच्या ओट्यावर बसून चहा घेता घेता विचारलं जातं, "याचं सामान मिळतं का?" उत्तर "विंचूरलाच मिळतं" असं आलं तर गडी निम्मा तयार होतो. "नाशिकला जावं लागतं" म्हटलं की जरा थबकतो. आणि "कंपनीतून मागवावं लागतं, आठ दिवस धरा" असं ऐकलं तर हप्ता कितीही सोपा असू दे, तो दुसऱ्या रंगाच्या ट्रॅक्टरकडे वळतो.

अर्थशास्त्रात ज्याला विक्रीपश्चात बाजार म्हणतात, तो या एका प्रश्नात अख्खा मावतो. वस्तू एकदाच विकली जाते. पुढे ती दहा-पंधरा-वीस वर्षं चालते, झिजते, मोडते, तिच्यात फेरफार होतात, तिला काहीबाही जोडलं जातं. त्या सगळ्या काळात लागणारे सुटे भाग, जोडसामान, तेल, फिल्टर आणि दुरुस्ती यांचा हा बाजार. मूळ विक्रीपेक्षा त्यात एक मोठा फरक आहे: गिऱ्हाईक आता बांधलं गेलेलं असतं. ट्रॅक्टर घेताना चार कंपन्यांची माणसं त्याच्या बांधावर येतात. घेतल्यावर मात्र त्याला त्याच ट्रॅक्टरला बसणारा भाग लागतो, दुसऱ्याचा फुकट मिळाला तरी उपयोग नसतो. स्वयंपाकघरातही हेच. कुकर एका कंपनीचा आणि रबर दुसऱ्या कंपनीचं असं चालत नाही. या बांधलेपणाचं काय करायचं, यावर जगभर कायदे झाले, खटले झाले. माझं म्हणणं थोडक्यात असं, की ज्या भागाचं माप सगळ्यांसाठी उघडं आहे तिथे शेतकरी मोकळा राहतो आणि ज्याचं माप कंपनीच्या मुठीत आहे तिथे तो अडतो. किंमत, दर्जा, नक्कल, वॉरंटी हे बाकीचे वाद त्यातूनच फुटतात.

हा बाजार बघायला विंचूरसारखं गाव शोधून सापडणार नाही. नाशिकहून निफाड ओलांडून येवल्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ते आहे, आणि इथूनच लासलगाव, देवळा, सटाणा करत तापीकाठच्या प्रकाशापर्यंत जाणारा राज्यमार्ग फुटतो. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार इथे असल्यामुळे कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर आलेला वाइन पार्कही इथलाच. शिवारात द्राक्ष, कांदा, मका, सोयाबीन, ऊस. म्हणजे मोठा ट्रॅक्टर, बागेच्या दोन ओळींतून जाणारा छोटा ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, रोटाव्हेटर, विहिरीतली मोटर, ठिबकचा फिल्टर, आणि या प्रत्येकाचं झिजणारं, फाटणारं, जळणारं काहीतरी. लिलावाला ट्रॉली घेऊन आलेला माणूस जाताना घरून सांगितलेला किराणा घेतो आणि मिस्त्रीनं चिठ्ठीवर लिहून दिलेलं सामानही घेतो.

द्राक्षाच्या पट्ट्यात सामानाची किंमत पैशांपेक्षा दिवसांत मोजतात. ऑक्टोबर छाटणी झाली, डोळे फुटले, कोवळी पालवी आली आणि नेमका परतीचा पाऊस आला, की डावणी मिल्ड्यू हा बुरशीचा रोग कधी शिरेल याचा नेम नसतो. पाऊस उघडल्याबरोबर फवारणी व्हावीच लागते. घडावर डावणी गेली तर त्या वर्षीचा माल गेला, मग नंतर कितीही औषध मारा. अशा दिवशी ब्लोअरच्या पंपातला रबरी डायफ्राम फाटला तर त्या रबराच्या चकतीची खरी किंमत कोणत्या दरपत्रकात लिहिलेली असणार? डायफ्राम फाटल्याचं ओळखायला मिस्त्री लागत नाही. पंपाच्या काचेतून दिसणारं तेल दुधासारखं पांढरट झालं, की औषधाचं पाणी तेलात शिरलं हे कळतं. लगेच पंप थांबवून चकती बदलली तर तेवढ्यावर भागतं; तसाच चालवला तर आतलं बेअरिंग, शाफ्ट, सगळंच गंजून जातं. जाणता बागायतदार डायफ्रामचा एक संच छाटणीआधीच घरात आणून ठेवतो. दुकान बंद असण्याची, तो नंबर संपलेला असण्याची भीती त्याला माहीत असते.

आता दुकानाच्या काउंटरवर काय होतं ते जवळून पाहू. गिऱ्हाईक फडक्यात गुंडाळलेलं काळंकुट्ट बेअरिंग काढून ठेवतं. "शेठ, हे द्या." शेठ यंत्र कोणतं, कंपनी कोणती, हे विचारत नाहीत. चिंधीवर थोडं डिझेल घेऊन बेअरिंगची कड पुसतात, चष्मा कपाळावर सरकवून वाचतात आणि आतल्या पोराला हाक मारतात, "बासष्ट शून्य पाच, टू आर-एस!" झालं काम.

6205 या चार आकड्यांत सगळी कुंडली आहे. पहिला 6 म्हणजे खोल खाचेचं, एका ओळीत छर्रे असलेलं बेअरिंग. 2 म्हणजे त्याची मालिका, ज्यावरून बाहेरचा व्यास आणि रुंदी ठरते. शेवटच्या 05 ला पाचाने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो: 25 मिलिमीटर. बाहेरचा व्यास 52, रुंदी 15. पाचाने गुणायचा हा हिशेब 04 पासून पुढे चालतो. 00, 01, 02, 03 म्हणजे अनुक्रमे 10, 12, 15 आणि 17 मिलिमीटर, हे पाठच करावं लागतं. पुढे 2 आर-एस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, झेड-झेड असेल तर पत्र्याचं झाकण. सी-3 लिहिलेलं असेल तर आतली मोकळीक नेहमीपेक्षा थोडी जास्त, कारण गरम होणाऱ्या मोटरमध्ये लोखंड फुगतं आणि छऱ्यांना जागा लागते. जुन्या बेअरिंगवर सी-3 असेल तर नवं घेतानाही ते पाहून घ्यावं. तीच मापं असलेलं साधं बेअरिंग बसतं, फिरतं आणि तापलं की लवकर जातं.

स्वीडनमध्ये 1907 साली सुरू झालेल्या एसकेएफचं 6205, जपानी कंपनीचं 6205 आणि आपल्या जयपूरला बनणारं 6205 एकमेकांच्या जागी बसतं, कारण ही मापं आंतरराष्ट्रीय मानकात बांधून दिलेली आहेत. बेअरिंग बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये स्पर्धा आहे ती पोलाद, घडाई आणि आयुष्य यांत. मापात कोणी कोणाला अडवू शकत नाही. पट्ट्यांचंही तसंच. पट्ट्यावर बी-52 लिहिलेलं असलं की वरची रुंदी 17 मिलिमीटर आणि आतली लांबी 52 इंच. ए असेल तर 13 मिलिमीटर, सी असेल तर 22. इंच आणि मिलिमीटर एकाच पट्ट्यावर सुखाने नांदतात आणि विंचूरच्या दुकानातल्या पोरालाही त्यात अडचण येत नाही. पुलीवर तीन पट्टे असतील आणि एक तुटला तर मात्र तिन्ही बदलावेत. जुने दोन ताणून लांबलेले असतात, त्यामुळे सगळा भार एकट्या नव्यावर येतो आणि तोही महिनाभरात तुटतो. एकच पट्टा मागणाऱ्या गिऱ्हाइकाला चांगला दुकानदार हे सांगतो. गिऱ्हाइकाला वाटतं, याला जास्त खपवायचं आहे.

सुटा भाग सुटा करून विकावा, ही कल्पना शेतीच्या अवजारातच फार लवकर रुजली. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम या कारागिराने 1803 मध्ये बिडाच्या फाळाची एक बाजू कडक आणि दुसरी मऊ ठेवण्याची युक्ती काढली. मऊ बाजू आधी झिजते, त्यामुळे फाळ चालता चालता आपोआप धारदार राहतो. 1808 मध्ये त्याने पुढचं पाऊल टाकलं. नांगराचे भाग ठरावीक मापात ओतून बोल्टने जोडायचे, म्हणजे मोडलेला भाग शेतातच काढून नवा बसवता येईल. त्याआधी फाळ मोडला की नांगर उचलून लोहाराकडे न्यायचा आणि लोहार जे ठोकून देईल ते बसवून घ्यायचं. पुढे लोखंडी नांगर आपल्याकडे आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवून तो इथेच बनवायला घेतला. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी आधी त्याला हात लावेना, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. मला त्या गोष्टीत एक भीती आणखी दिसते. लाकडी नांगर मोडला तर गावात सुतार होता. लोखंडी मोडला तर कोणाकडे जायचं? नव्या यंत्रावर लोकांचा विश्वास बसतो तो ते मोडल्यावर काय होतं हे पाहून.

अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी 1908 ते 1927 या काळात दीड कोटीहून जास्त विकली गेली. गाडी स्वस्त होती, कारण तिच्यात पुष्कळ गोष्टी नव्हत्या. इंधन किती उरलं हे पाहायला टाकीत काठी बुडवावी लागे. म्हणून काटे, दिवे, आरसे, धक्के झेलणारे स्प्रिंग, शेतात पंप चालवता यावा म्हणून चाकाला जोडायच्या पुल्या, अशा हजारो जोडवस्तू बाहेरच्या कारखानदारांनी विकल्या. गाडी बंद झाल्यावरही फोर्डने तिची इंजिनं बदली भाग म्हणून 1941 पर्यंत बनवली. त्याहून थक्क करणारी कहाणी लिस्टर इंजिनाची. इंग्लंडच्या डर्स्ली गावात 1930 च्या सुमारास निघालेलं हे संथ चालीचं, जडशीळ चाकाचं डिझेल इंजिन भारतात विहिरीवर आलं. राजकोटच्या ओतशाळांनी आधी त्याचे भाग बनवले, मग अख्खं इंजिन. मूळ कंपनीने ते बनवणं 1980 च्या दशकात थांबवलं. राजकोटचं चालूच राहिलं. आज इंग्लंडमधला जुन्या लिस्टरचा हौशी मालक पिस्टन हवा तर राजकोटचा मागवतो. मालेगावच्या यंत्रमागांचंही थोडंफार असंच आहे. मुंबईच्या गिरण्यांतून निघालेले जुने माग तिथे सुट्या भागांच्या आणि मिस्त्रींच्या जोरावर वर्षानुवर्षं खडखडत राहिले.

राजकोटचं उदाहरण मी आनंदाने सांगितलं, पण सगळं नकली सामान त्याच पंगतीला बसवता येणार नाही. काउंटरवर एकच भाग चार-पाच जातींत मिळतो आणि त्यांतला फरक गिऱ्हाइकाला कळायला हवा. एक, ट्रॅक्टर कंपनीच्या खोक्यातला, ज्याला सगळे जेन्युइन म्हणतात. दुसरा, तोच भाग मुळात बनवून कंपनीला पुरवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यातला. फिल्टर, क्लच प्लेट, ऑइल सील, बेअरिंग यांतलं फारच थोडं ट्रॅक्टर कंपनी स्वतः बनवते. मोठे पुरवठादार आपल्या नावाने बाजारातही माल देतात आणि तो पुष्कळदा स्वस्त पडतो. तिसरा, लुधियाना, राजकोट, दिल्ली इथल्या स्वतंत्र कारखान्यांचा, स्वतःच्या नावाने विकला जाणारा. त्याला लोकल म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. त्यात उत्तमही असतं आणि टाकाऊही. चौथा, भंगारातल्या यंत्रातून काढलेला जुना भाग. मोठा गिअर किंवा हाउसिंग असेल तर हा पर्यायही शहाणपणाचा ठरतो. आणि पाचवा डुप्लिकेट, दुसऱ्याचं नाव छापून विकलेला. लोकल आणि डुप्लिकेट यांत लोक गल्लत करतात. लोकल भाग विकणं हा धंदा आहे, डुप्लिकेट विकणं गुन्हा. ट्रेडमार्क कायदा 1999 मध्ये त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा आहे, आणि खोटेपणाने अस्सल म्हणून विकलेल्या मालाला ग्राहक संरक्षण कायदा 2019 बनावट माल म्हणतो.

कुठे लोकल चालतं आणि कुठे नाही, हे भागाच्या कामावरून ठरतं. ट्रॉलीची पिन, मडगार्ड, छत, सीट, हुक हे गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावं. बूश लेथवर चांगला होतो. पण डिझेल इंजिनाचं नोझल? त्याची सुई आणि नळी यांच्यातली फट 2 ते 4 मायक्रॉनची असते, माणसाच्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. अशी नोझल आपल्या नाशिकलाच, सातपूरला बनत आली आहेत. ज्या कंपनीमुळे नाशिकच्या एका चौकाला मायको सर्कल नाव पडलं ती मोटर इंडस्ट्रीज कंपनी 2008 पासून बॉश नावाने ओळखली जाते. जुने मिस्त्री आजही "मायकोचं नोझल" म्हणूनच मागतात. त्या नावाचा दबदबा एवढा, की नक्कल करणाऱ्यांचं लक्ष त्याच्यावर असणारच. नकली नोझलने इंजिन सुरू होतं, आवाजही बरा येतो, पण डिझेल धुक्यासारखं न पसरता धारेने पडतं, धूर काळा होतो, पिस्टनचं डोकं जळतं. थोडे पैसे वाचवून इंजिन उघडायची पाळी येते. ब्रेक, हायड्रॉलिक होज आणि स्टिअरिंगच्या सांध्यांबाबतही मी हेच सांगेन: पक्कं बिल, नाव असलेला माल, आणि विकणारा दुकानदार ओळखीचा.

फवारणीच्या नोझलची गोष्ट वेगळी आणि द्राक्षवाल्यांच्या जास्त कामाची. ते मोडत नाही, तुंबलं तर दिसतं, पण झिजलेलं दिसत नाही. औषधातले बारीक कण भोक घासत राहतात. पितळेचं लवकर झिजतं, स्टेनलेसचं उशिरा, सिरॅमिकचं सगळ्यांत जास्त टिकतं. जगभर वापरात असलेला दंडक असा, की नव्या नोझलपेक्षा 10 टक्के जास्त पाणी पडू लागलं की ते बदलावं. तपासणी घरच्या घरी होते. ब्लोअरचा पंखा बंद ठेवून, नेहमीच्या दाबावर, प्रत्येक नोझलखाली मापाचं भांडं धरून एक मिनिट साधं पाणी घ्यायचं आणि नव्याशी ताडून पाहायचं. पुष्कळ नोझलना रंगाचा संकेत असतो: 3 बार दाबाला पिवळ्यातून मिनिटाला सुमारे 0.8 लिटर, निळ्यातून 1.2, लालमधून 1.6. सगळ्याच बनावटी हा संकेत पाळत नाहीत, त्यामुळे रंगाबरोबर तक्ताही पाहावा. काही रुपयांच्या या चकतीमागे केवढा व्यवहार उभा आहे हे नाशिकने भोगलं आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशावरून युरोपने भारतीय द्राक्ष नाकारली तेव्हा निर्यातदार आणि बागायतदार दोघेही पोळले. त्या वेळचं कारण वेगळं होतं, नोझलचा त्यात दोष नव्हता. पण अंशाची मर्यादा किलोला मिलिग्रॅमच्या हिशेबात मोजली जाते, आणि झिजलेल्या नोझलमधून एका वेलीवर जास्त आणि दुसरीवर कमी औषध पडतं, हे दोन्ही ध्यानात घेतलं तर नोझल हा खर्च वाटणार नाही.

जोडसामानाच्या बाजारातही मापच राजा आहे. ट्रॅक्टरच्या मागचे तीन दांडे, ज्यांना अवजार अडकवतात, ते हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या माणसाचं देणं. त्यांची मापं पुढे मानकात बसली: लहान वर्गात खालच्या पिना 22 मिलिमीटर, त्यावरच्या वर्गात 28. इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या पीटीओचा वेग मिनिटाला 540 फेरे, शाफ्ट सव्वा इंचाहून थोडा जाड, त्याला सहा खाचा. एवढं जाहीर असल्यामुळेच आपल्याकडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बनलेला ब्लोअर, पंजाबातला रोटाव्हेटर आणि गुजरातचं पेरणीयंत्र एकाच ट्रॅक्टरला लागतं. हे माप प्रत्येक कंपनीने आपापलं ठेवलं असतं तर आपल्या खेड्यांतला अवजार बनवण्याचा धंदा जन्मालाच आला नसता.

पण याच शाफ्टवरचं एक जोडसामान कोणी विकत घेत नाही, आणि ते मला सारखं खुपतं. पीटीओ शाफ्टभोवती प्लास्टिकचं संरक्षक नळकांडं असतं. पहिल्या-दुसऱ्या हंगामातच ते फुटतं. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेला तर यंत्र थांबतं, म्हणून क्रॉस त्याच दिवशी येतो. नळकांडं फुटलं तर यंत्र चालतच राहतं, म्हणून ते कधीच येत नाही. 540 म्हणजे सेकंदाला 9 फेरे. उपरण्याचं टोक, ओढणी, सैल बाही त्यात अडकली की हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. तीच गत ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांची आणि रेडियमच्या पट्ट्यांची. रात्री हमरस्त्यावर कांद्याची किंवा उसाची ट्रॉली अंधारात उभी असते आणि मागून भरधाव येणाऱ्याला ती दिसत नाही. छताला झालर, बोनेटवर आरसे, मोठा आवाजाचा डबा यांवर खर्च करणारा माणूस चिकटपट्टीचा एक गुंडाळा घेत नाही. दुकानदारांनी क्रॉस देताना नळकांडं आणि ट्रॉलीची पिन देताना रेडियम काउंटरवर ठेवलंच पाहिजे, मग गिऱ्हाईक नको म्हणालं तरी चालेल.

सुट्या भागांच्या किमतीवरून कंपन्यांना शिव्या घालताना एक बाजू ऐकून घ्यायला हवी. फिल्टर महिन्याला डझनांनी खपतो. एखादा गिअर तीन वर्षांत एकदा मागितला जातो. तो तीन वर्षं फडताळात पडून असतो, त्यात कोणाचे तरी पैसे अडकलेले असतात, आणि मॉडेल बंद झालं तर तो कायमचा भंगार. गिअरच्या किमतीत ही सगळी वर्षं धरलेली असतात. छोट्या दुकानदाराला तेवढं झेपत नाही, म्हणून तो असा माल नाशिकहून किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून मागवतो आणि तो एसटीच्या पार्सलने येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, त्याने भार थोडा हलका झाला.

पण पडून राहण्याचा खर्च वेगळा आणि अडवणूक वेगळी. इंग्लंडमध्ये 1986 मध्ये ब्रिटिश लेलँड विरुद्ध आर्मस्ट्राँग हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेला. भांडण होतं मोटारीच्या धूर सोडणाऱ्या नळीचं. लेलँडचं म्हणणं, नळीचा आकार आमच्या रेखाचित्राची नक्कल आहे, तेव्हा दुसऱ्याने ती बनवायची तर आम्हाला मोबदला द्यावा. न्यायाधीशांनी ते फेटाळलं: गाडी विकल्यावर मालकाला ती दुरुस्त ठेवण्याचा हक्क मिळतो आणि रेखाचित्रावरचा हक्क पुढे करून तो काढून घेता येत नाही. आपल्याकडे शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं फक्त अधिकृत विक्रेत्यांनाच द्यायची, बाहेरच्या मिस्त्रीला द्यायची नाहीत, हा मुख्य ठपका होता. पुरवठादारांना खुल्या बाजारात माल विकू द्या आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने बजावलं. कंपन्या वरच्या न्यायाधिकरणात आणि न्यायालयांत गेल्या, प्रकरण लांबलं. तरी वॉरंटी जाईल या धाकाने गप्प बसणाऱ्या गिऱ्हाइकाने हा आदेश माहीत करून घ्यावा.

हा निकाल मोटारींचा असला तरी शेतापर्यंत त्याची धग येणार आहे. 1 जानेवारी 2023 पासून 50 हॉर्सपॉवरवरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे, कडक निकष लागू झाले. ते पाळायला इंजिनात डिझेलचा दाब आणि वेळ संगणक ठरवतो. बेअरिंगचा नंबर चिंधीने पुसून वाचता येतो. संगणकातला बिघाडाचा संकेत कंपनीच्या उपकरणाशिवाय वाचता येत नाही. अमेरिकेत हेच भांडण पेटलं आहे. जॉन डिअरचे ट्रॅक्टर शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता यावेत म्हणून कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये कायदा केला, तो 1 जानेवारी 2024 पासून लागू झाला. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने डिअरवर दुरुस्तीच्या मक्तेदारीवरून खटला भरला. विंचूर परिसरातले बहुतेक ट्रॅक्टर 50 च्या आतले, बागेतले तर त्याच्याही निम्मे. म्हणून आपल्याला अजून वेळ आहे, आणि तो हातात असतानाच मागणी व्हायला हवी.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली, तेव्हा शेतीची यंत्रं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं आधी घ्यायचं ठरलं. डिसेंबर 2022 मध्ये पोर्टल सुरू झालं. 2025 मध्ये वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे याला गुण देण्याचा आराखडा आला, तो मात्र मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपासून सुरू होतो. चारांच्या यादीत पहिलं नाव शेतीचं होतं. युरोपने मार्च 2021 पासून फ्रिजचे महत्त्वाचे भाग किमान 7 वर्षं आणि वॉशिंग मशिनचे 10 वर्षं उपलब्ध ठेवण्याचं आणि मागितल्यापासून 15 कामाच्या दिवसांत पोचवण्याचं बंधन घातलं आहे. फ्रिजला 15 दिवस चालतील, ऑक्टोबरातल्या ब्लोअरला चालणार नाहीत. शेतीच्या यंत्रासाठी नियम करताना वर्षांबरोबर हंगामही लिहावा लागेल: मॉडेल बंद झाल्यावर किमान 15 वर्षं भाग मिळावेत, छाटणी ते काढणी या काळात ते 48 तासांत तालुक्याला पोचावेत, भागाचा नंबर आणि माप भागावरच कोरलेलं असावं, आणि संगणकातला बिघाडाचा संकेत वाचणारं उपकरण कोणत्याही मिस्त्रीला वाजवी किमतीत विकत मिळावं. द्राक्ष बागायतदारांचे संघ आणि बाजार समित्या भावासाठी दिल्लीपर्यंत जातात. त्यांच्या पुढच्या निवेदनात या चार ओळीही असाव्यात.